सव्वीस अंशांचं तळं

सैमी पुरहोनेनला एका जागी बसलेलं गावाने फक्त चर्चमध्ये पाहिलं होतं, आणि तिथेही तिचा एक पाय सतत हलत असायचा. कॉफी ती उभ्यानेच प्यायची. बटाटे सोलता सोलता मधेच उठून गोठ्यात डोकावून यायची, आणि गोठ्यात गाय नसून बारा वर्षं झाली हे तिथे पोचल्यावर तिला आठवायचं. सत्तरी आली तरी पायाची भिंगरी काही थांबली नव्हती. तिचा नवरा ओइवा बरोबर उलटा. तो एक वाक्य बोलायचा आणि दुसऱ्यासाठी माणसाला पुढच्या आठवड्यापर्यंत ताटकळत ठेवायचा. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दोघांचं मिळून जेवढं बोलणं झालं, त्यातलं निम्म्याहून किती तरी जास्त सैमीचं होतं.

घराच्या उताराखाली हीर्वीलाम्पी नावाचं छोटं तळं, आठ घरांच्या सामायिक मालकीचं. तळ्यात रापू. वीतभर लांब, काळपट तपकिरी जीव, पुढे खेकड्यासारख्या नांग्या आणि मागे कोळंबीसारखी शेपूट. काठच्या दगडांखाली बिळं करून राहतो, अंधार पडला की बाहेर येतो. फुलोऱ्याला आलेल्या शेपूसकट मिठाच्या पाण्यात उकडला की लालभडक होतो, आणि त्या एका जेवणासाठी आमच्याकडची शहाणीसुरती माणसं वर्षभर दिवस मोजतात. मात्र एकवीस जुलैच्या दुपारी बारापर्यंत कायद्याने एकही पिंजरा पाण्यात टाकायचा नसतो. ओइवा चाळीस वर्षं त्या आठ घरांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. एकवीस तारखेला बाराच्या ठोक्याला तो कोठाराच्या छपरावरची जेवणाची घंटा वाजवायचा, आणि मगच आठ घरांचे पिंजरे पाण्यात पडायचे. एका वर्षी कुणीतरी दोन मिनिटं आधी पिंजरा टाकला. ओइवाने तो काढायला लावला आणि त्या माणसाला दोन मिनिटं काठावर उभं केलं. असा माणूस.

२०१८ च्या जुलैत पाऊस नव्हता, वारा नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात चार दिवस पंचवीसच्या वर गेले तरी लोक एकमेकांना फोन करून सांगतात. त्या वर्षी तीन आठवडे तीसच्या आसपास होतं आणि फोन करायचंही कुणाच्या अंगात त्राण राहिलं नव्हतं. चौदा तारखेला सकाळी सैमी पायपुसणी धुवायला तळ्यावर गेली, आणि काठच्या गवतात तिला रापू दिसले. दिवसाढवळ्या, पाण्याबाहेर, तीन. एक तर नांग्या टेकून गुपचूप पडला होता.

पायपुसणी तिथेच टाकून ती वर आली. ओइवाच्या खुब्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं होतं. तो व्हरांड्यात कुबड्या शेजारी ठेवून दुर्बिणीतून तळं बघत बसायचा.

"रापू वर चढून आलेत. गवतात," सैमी म्हणाली.

"किती?"

"तीन दिसले मला. न दिसलेले किती, ते त्यांना विचार."

"पाणी?"

"पाणी किती ते मला काय माहीत? थर्मामीटर तुझ्याकडे असतो."

ओइवा म्हणाला, "ताइस्तोला बोलाव."

सैमीला ते लागलं. घरात धडधाकट बायको उभी असताना पाणी मोजायला पलीकडच्या काठावरून शेजारी बोलवायचा. पण यावर ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे प्रकरण जुनं होतं.

ताइस्तो होडी वल्हवत आला. जिभेला हाड नसलेला, मनाचा बरा माणूस. त्याने ओइवाच्या कोटातला थर्मामीटर घेतला, दोरीने पाण्यात सोडला, वर काढून डोळ्यांजवळ धरला. "सव्वीस," तो म्हणाला. "आणखी जरा तापू दे, मग शेपू आणि मीठ टाकू. पिंजऱ्यांची कटकट नको."

हसलं कुणी नाही. पाणी तापतं तशी त्यातली हवा कमी होते, आणि त्याच वेळी रापूला जास्त हवा लागते, कारण गरम पाण्यात त्याचं अंग जोरात चालतं. वीसपर्यंत तो मजेत असतो. त्यापुढे तो खाणं सोडतो, बिळाच्या तोंडाशी येऊन बसतो. पंचवीसच्या पुढे त्याला काही सुचेनासं होतं आणि तो पाणी सोडून काठ चढायला लागतो. त्यात जुलै म्हणजे कात टाकायचे दिवस. नुकती कात टाकलेला रापू ओल्या कागदासारखा मऊ असतो, त्याला धड चालताही येत नाही. तो बिळातच गुदमरतो.

सैमीचं म्हणणं सरळ होतं. आत्ताच्या आत्ता पिंजरे टाका, सापडतील तेवढे रापू पकडा आणि वरच्या जंगलातल्या झाडीखालच्या डबक्यात नेऊन सोडा. ओइवा म्हणाला की आज चौदा तारीख आहे. सैमीने विचारलं की मग रापूंनी एकवीसपर्यंत श्वास रोखून धरायचा का. ओइवाने परवानगीसाठी जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावला. तिथे ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितलं की संबंधित अधिकारी सुट्टीवर असून सहा ऑगस्टला रुजू होतील. जुलैत आमच्या देशात फक्त डास कामावर असतात.

"रापूंना कळवते तसं," सैमी म्हणाली.

"शिवाय," ओइवा म्हणाला, "रापू एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणं सोपं नसतं."

एवढंच. पण सैमीला ते पुरलं. तीस वर्षांपूर्वी तळ्यातले रापू रोगाने साफ गेले होते, तेव्हा आठ घरांनी वर्गणी काढून दुसऱ्या जिल्ह्यातून अडीचशे रापू आणवले. सप्टेंबरातला उन्हाचा दिवस होता. ओइवा गाडीतून पेट्या घेऊन आला, आणि सैमीला धीर कुठला. पेट्यांतले रापू गरम गाडीतून आलेले, तळं थंडगार. तिने पहिली पेटी उचलली आणि सगळीच्या सगळी पाण्यात उपडी केली. मग दुसरी. आपण सौनाच्या वाफेतून लालबुंद होऊन निघतो, धावत जाऊन तळ्यात उडी घेतो आणि बरं वाटलं म्हणतो. रापूलाही बरंच वाटेल, असा तिचा हिशोब. रापू सौनात जात नाही हे तिच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या अंगाला नवं पाणी हळूहळू कळावं लागतं. आधी ओला पाला, मग तळ्याच्या पाण्याचे चार शिंतोडे, मग काठावर ठेवून वाट बघायची आणि त्याचा तो चालत आत जाईल तेव्हा जाऊ द्यायचं. आठवड्याभरात तळ्याच्या तळाशी पांढरी पोटं दिसायला लागली.

ओइवाने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. पुढच्या वर्षी त्याने स्वतः दुसरे रापू आणले, दोन दिवस काठावर बसून सोडले, आणि ते जगले. त्या दिवसापासून थर्मामीटर त्याच्या कोटात राहायला लागला. सैमीने शेपू लावायचा, टेबलं मांडायची, मोठं पातेलं उकळायचं. तळ्याच्या पाण्याला हात ओइवाचा. हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणूनच ते कुणी मोडूही शकत नव्हतं. तो एकदा ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला तीस वर्षं वाटत होतं.

त्या दुपारी ती लोणी ठेवायला मागच्या हौदावर गेली. गाई होत्या तेव्हा दुधाचे कॅन गार ठेवायला ओइवाच्या बापाने झरा अडवून बांधलेला हा सिमेंटचा हौद. झऱ्याचं पाणी बारा महिने सहा अंश. हौद भरून वाहायचा आणि ते पाणी गोठ्यामागून दलदलीत वाया जायचं. सैमीने पाण्यात हात घातला, तो बधिर होईपर्यंत काढला नाही. रापू पाण्याकडे न्यायला कायदा आड येत होता. पाणी रापूंकडे न्यायला कुणाचा बाप आड येणार होता? तळं काही त्याने गार होणार नव्हतं, पण काठाचा एक कोपरा झाला असता.

तिने फावडं घेतलं. हौदापासून दगडी काठापर्यंत सत्तर पावलं होती. दोन दिवस ती चर खणत होती. तिसऱ्या प्रहरी ताइस्तो येऊन हात लावून जायचा आणि जाताना दुसऱ्याच कुणाची तरी निंदा करून जायचा. हौदाच्या तोंडाला तिने एक फळी बसवली. फळी बोटभर उचलली की बोटभर पाणी सुटेल, उन्हातल्या उथळ चरातून रेंगाळत जाईल आणि जाता जाता कोमट होईल. जास्त उचलली की जास्त गार पोचेल. ओइवा व्हरांड्यातून सगळं बघत होता.

"एकदम नको," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," सैमी म्हणाली, जरा जोरातच.

सोळा तारखेला सकाळी तिने फळी एक बोट उचलली. दुपारी कोपराने पाणी बघितलं, वासरांचं दूध बघायची तसं. चराच्या तोंडाशी जरासं गार लागत होतं. संध्याकाळपर्यंत ती वीसदा तरी हौद ते तळं करून आली. गवतात आणखी रापू चढत होते, आता चरापासून लांबच्या काठावर. तिला वाटत होतं, तिकडे ते मरतायत आणि इकडे मी थेंब थेंब पाणी सोडतेय. संध्याकाळचं जेवण झाल्यावर तिला बसवेना. आमच्याकडे जुलैत तेव्हा लख्ख ऊन असतं. ती गेली आणि फळी एकदम चार बोटं उचलून आली.

सकाळी चराच्या तोंडाशी अकरा रापू आडवे पडलेले होते. पाय ताणलेले, नांग्या उघड्या. त्यांतले सहा तिने हाताने हलवल्यावर हळूहळू हलले. पाच हलले नाहीत. पाचही मऊ होते, नुकती कात टाकलेले, जागेवरून पळूही न शकलेले. गार पाणी त्यांच्यावर अचानक येऊन कोसळलं होतं.

फळी खाली करून ती वर आली. वाटेत दोनदा थांबली. ओइवाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पाण्याखाली त्याची दुर्बीण पोचत नव्हती. पण तिला एकदाच्या शिव्या खायच्या होत्या.

"पाच मेले," ती म्हणाली. "मी मारले. काल संध्याकाळी फळी चार बोटं उचलली. मला बसवेना."

ओइवाने दुर्बीण खाली ठेवली. सैमी वाट बघत उभी होती.

"कोट खुंटीला आहे," तो शेवटी म्हणाला. "डाव्या खिशात बघ."

तिला आधी कळेचना. मग ती आत गेली आणि थर्मामीटर घेऊन बाहेर आली. लाकडी म्यानातली ती काचेची नळी तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातात होती.

"सकाळी एक अंश उतरवायचा, संध्याकाळी एक," ओइवा म्हणाला. "मधे फळीला हात लावायचा नाही."

"मग मधे मी काय करू?"

"काही नाही."

सैमीला आयुष्यात कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने वेलदोड्याचे साठ पाव भाजले, कोठाराच्या खिडक्या पुसल्या, ताइस्तोकडे जाऊन त्याच्या न मागितलेल्या पडद्यांना टीप मारली. तरी पाय चराकडे ओढायचे. फळीपाशी जायची, हात मागे बांधायची आणि परत यायची. दुसऱ्या दिवशी तिने सगळं सोडलं आणि चराच्या तोंडाशी दगडावर जाऊन बसली. बसली म्हणजे पाय हलवत बसली. पाणी तिथे तेवीसवर आलं होतं.

दुपारी पहिला रापू आला. गवतातून नाही, तळ्यातून, तळाच्या चिखलावरून सावकाश. दोन पावलं पुढे यायचा, लांब मिशा हलवून पाणी चाखायचा, थांबायचा. पुन्हा दोन पावलं. गारव्याची एक न दिसणारी रेघ होती, तिच्यावर तो अर्धा तास रेंगाळला. शेपूट अलीकडे, डोकं पलीकडे. सैमीच्या अगदी ओठांवर आलं होतं, की ये ना बाबा आत. पण आता तिला समजत होतं की तो आळस करत नाहीये. अंगाला नवं पाणी कळेपर्यंत तो थांबतोय, आणि ते काम त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला करता येत नाही. संध्याकाळपर्यंत तिथे चाळीस होते.

वीस तारखेला चराच्या तोंडाशी वीस अंश होतं, आणि तळ काळा दिसत होता. रापूंवर रापू. सगळ्या तळ्यातले जणू त्या खाटेएवढ्या गार जागेत येऊन बसले होते. एरवी एकमेकांच्या नांग्या तोडणारे जीव शेपट्या दुमडून गुपचूप शेजारी शेजारी. एकही नवा मेलेला नव्हता. सैमीला रडूही आलं आणि हसूही. आणि मग एकदम आठवलं. उद्या एकवीस तारीख.

तिने सगळे रापू गोळा करून एका ताटात वाढून ठेवले होते. पिंजरा कशाला, उद्या कुणीही बादली बुडवून शंभर उचलले असते. दोन दिवसांत तळं रिकामं झालं असतं, आणि सगळं कायद्याने.

जेवताना तिने ओइवाला हे सांगितलं. "घंटा वाजवू नकोस," ती म्हणाली.

"कायदा तोच आहे," ओइवा म्हणाला, आणि बटाट्यावर शेपू घातला.

ती ताट तसंच टाकून उठली आणि नंतर त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. ओइवाच्या ते लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही.

एकवीस तारखेला अकरा वाजल्यापासून गाड्या यायला लागल्या. आठ घरांची माणसं, त्यांचे शहरातून आलेले जावई, दुमडलेले पिंजरे, आमिषाचे मासे, कॉफीचे थर्मास. सैमीने पाव बाहेर मांडले आणि कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. ताइस्तो चराशी वाकला आणि त्याने शीळ घातली.

"अगं सैमी, तू तर वाढूनच ठेवलंयस."

सगळे काठाशी जमले. शहरातल्या एका जावयाने गाडीतून बादली आणली. बाराला पाच मिनिटं असताना ओइवा कुबड्यांवर कोठारापाशी गेला. दोरी हातात घेतली, दुसऱ्या हातात घड्याळ धरलं. माणसं पिंजरे उघडून पाण्याच्या कडेला उभी राहिली. सैमी व्हरांड्याच्या खांबाला धरून होती.

बारा वाजले. ओइवा घड्याळ बघत राहिला. बारा वाजून एक मिनिट झालं, दोन झाली. कुणी हललं नाही. आमची माणसं रिकाम्या रस्त्यावरसुद्धा हिरवा दिवा लागेपर्यंत उभी राहतात. घंटा झाल्याशिवाय पिंजरा टाकायचा ही कल्पनाच कुणाला सुचेना. चौथ्या मिनिटाला ताइस्तो खाकरला.

"अध्यक्ष, बारा वाजून गेले."

"गेले," ओइवा म्हणाला. त्याने दोरी सोडली. "कायद्याने तुम्हाला आता परवानगी आहे. अडवायचा हक्क मला नाही." तो थांबला. एवढं तो मंडळाच्या सभेतही बोलत नसे, त्यामुळे बादलीवाला जावईसुद्धा ऐकत होता. "पण यंदा तळ्याचं पाणी सैमीने सांभाळलंय. रापू पकडण्याजोगे झालेत की नाही, हे तिला विचारा."

सगळी तोंडं व्हरांड्याकडे वळली. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी बाई, आज तिने आधी पाणी बघायचं ठरवलं. ती खाली उतरली, चराशी गेली, थर्मामीटर पाण्यात सोडला आणि पारा थांबेपर्यंत उभी राहिली. माणसंही उभी राहिली.

"इथे वीस आहे, चार पावलांवर सव्वीस," ती म्हणाली. "निम्म्यांची कवचं अजून मऊ आहेत. उचललेत तर हातात चिखल येईल." मग म्हणाली, "पुढच्या वर्षी या."

सगळ्यांत आधी ताइस्तोने पिंजरा दुमडला. म्हणाला की म्हणजे यंदा शेपूत सॉसेज उकडायचं म्हणायचं, त्याच्या सासूला फरक कळणार नाही. बाकीचेही हळूहळू मागे फिरले. पावांचा मात्र फडशा पाडून गेले.

गाड्या गेल्यावर सैमी व्हरांड्यात आली. ओइवा बसला होता. तिने थर्मामीटर पुसून त्याच्यापुढे धरला.

"तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. आणि मग तळ्याकडे बघत, "त्या वेळी पेट्या मीच तापवल्या."

"कुठल्या पेट्या?"

"तीस वर्षांपूर्वीच्या. वाटेत भावाकडे कॉफीला थांबलो होतो. दोन तास. गाडी उन्हात होती. तू हळू सोडले असतेस तरी त्यांतले बरेच गेले असते."

ज्या गप्प राहण्याला सैमी तीस वर्षं आपल्यावरचा आरोप समजत होती, ती त्याची स्वतःची लाज होती. तिला त्याच्या डोक्यात कुबडी घालावीशी वाटली.

"आणि हे तू आज सांगतोस?"

"तू कधी विचारलं नाहीस."

संध्याकाळचं पाणी मोजायची वेळ होत आली होती. "फळी बघून येते," ती म्हणाली. ओइवा कुबड्या शोधायला लागला. म्हणाला, मीही येतो. हौदापर्यंत चाळीस पावलं होती आणि नव्या खुब्याला त्यासाठी पाव तास लागला. सैमी त्याच्या शेजारून त्याच्याच चालीने चालली आणि पूर्ण पाव तास त्याला शिव्या देत होती.